दाढेचा पू आणि दहा रात्री: मुक्कामाचा अंदाज कुठे जुळला, कुठे चुकला

रुग्ण ५२ वर्षांचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला, पाळी बारा तासांची. सात वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिनची गोळी रोज घ्यायची हे माहीत होतं, पण प्रत्यक्षात ‘शुगर वाढल्यासारखं वाटलं की’ घ्यायचा. तोंडात दिवसभर मावा. बायको घरी विड्या वळते. मे महिन्यातल्या एका सोमवारी रात्री ९.४० वाजता मुलगा आणि शेजारी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून रुग्णालयात घेऊन आले. उजव्या जबड्याखाली सूज होती. तो ओठांशी टॉवेल धरून पुढे झुकून बसला होता आणि लाळ टॉवेलात टिपत होता.

हे प्रकरण एका ओळखीच्या माणसाचं नाही. अशा रुग्णांचं जे नेहमीचं चित्र दिसतं त्यावरून ते बेतलं आहे आणि तपासण्यांचे आकडे त्या चित्राशी जुळते ठेवले आहेत. मांडायचा आहे तो अंदाज. दाखल करताना किती रात्री सांगितल्या, कशाच्या आधारावर सांगितल्या, आणि तो हिशोब पुढे कुठे घसरला.

दाखल होण्याआधीचे पाच दिवस

खालची उजवी अक्कलदाढ, म्हणजे ४८ क्रमांकाची, वर्षभर किडलेली होती. बुधवारी ठणका लागला. गुरुवारी औषधाच्या दुकानातून अमॉक्सिसिलिन ५०० आणि डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी आणली. अमॉक्सिसिलिनच्या सहाच गोळ्या घेतल्या, वेदनाशामक मात्र चालू राहिली. शुक्रवारी सूज दिसायला लागल्यावर घरात तव्यावर मीठ तापवून त्याची पुरचुंडी बाहेरून शेकली. शनिवारी जवळच्या एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन घेतलं. कशाचं ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. रविवारी तोंड उघडेना, सोमवारी पाणीही गिळवेना.

यातली वेदनाशामक गोळी अंदाजाच्या दृष्टीने सर्वांत फसवी आहे. दर सहा-आठ तासांनी पॅरासिटामॉल पोटात गेलं की ताप लपतो. रुग्ण ‘ताप नव्हता’ असं खरंच सांगतो आणि केसपेपरवर तसंच उतरतं. म्हणून तापमान लिहिताना शेजारीच शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहावं. या रुग्णाने संध्याकाळी साडेसहाला गोळी घेतली होती. तरीही तापमान ३८.६ अंश सेल्सिअस भरलं, म्हणून तो आकडा दिसतो त्यापेक्षा गंभीर धरला. ‘कमरेतलं इंजेक्शन’ हाही असाच प्रश्न. त्यात स्टिरॉइड असेल तर साखर आणि पांढऱ्या पेशी दोन्ही त्यामुळे चढलेल्या असू शकतात.

दुसरी चूक शेकण्याची. बाहेरून शेक दिल्याने पू कातडीच्या बाजूला ‘ओढला’ जातो अशी समजूत घरोघरी आहे. पण पू कुठे जाणार हे दाढेच्या मुळाचं टोक ठरवतं. जबड्याच्या आतल्या बाजूला मायलोहायॉइड स्नायूची एक तिरपी रेघ असते. पुढच्या दाढांची मुळं साधारण त्या रेघेच्या वर संपतात, म्हणून त्यांचा पू आधी जिभेखाली येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेची टोकं रेघेच्या खाली असतात, म्हणून त्यांचा पू थेट जबड्याखालच्या सबमँडिब्युलर स्पेसमध्ये उतरतो. स्पेस म्हणजे स्नायू आणि आवरणांच्या मधली, पू भरू शकेल अशी जागा. अक्कलदाढेला आणखी एक वाट असते: मागे टेरिगोमँडिब्युलर स्पेस, आणि तिथून घशाच्या बाजूची लॅटरल फॅरिंजियल स्पेस. बाहेरून ती दिसत नाही, हातालाही लागत नाही.

खाटेशेजारची मोजमापं

नाडी ११८, श्वास मिनिटाला २४, रक्तदाब १०८/७०, हवेवर ऑक्सिजन ९६ टक्के. आवाज तोंडात घास ठेवून बोलावं तसा. श्वासाला घरघर नव्हती. जबड्याखालची सूज कडक आणि दाबल्यावर दुखरी होती, पण मऊ पडलेली नव्हती. सूज मऊ पडली नाही म्हणजे आत पू नाही, असा निष्कर्ष मानेत काढू नये. खोल स्पेसमधला पू स्नायू आणि जाड आवरणाखाली असतो, बोटाला त्याची हालचाल कळत नाही.

तोंड किती उघडतं हे नजरेने ठरवायचं नाही. वरच्या आणि खालच्या मधल्या दातांच्या कडांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजायचं. इथे १४ मिलिमीटर भरलं. निरोगी प्रौढाचं साधारण ३५ ते ४५ असतं. पण याच ठिकाणी सोलापूरच्या ओपीडीत एक फसगत होते. वर्षानुवर्षं मावा-गुटखा चघळणाऱ्यांच्या तोंडातलं अस्तर तंतुमय होऊन आक्रसलेलं असतं, म्हणून संसर्ग नसतानाही त्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही. म्हणजे १४ मधला किती भाग आजच्या पूमुळे आणि किती मूळचाच? घरच्यांना विचारायचं. बायकोने सांगितलं की आजारी नसतानाही त्याच्या तोंडात दोनच बोटं उभी जायची, मोठा घास घेता येत नसे, मिरची फार झोंबायची. गालाच्या आत बोट फिरवल्यावर उभे कडक पट्टे लागले. मूळचं तोंड २६-२७ मिलिमीटर असावं असा अंदाज बांधून केसपेपरवर ‘मूळचं सुमारे २६’ असं लिहून ठेवलं. ती एक ओळ दहा दिवसांनी उपयोगी पडली.

जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर ओठापर्यंतच आली. जिभेखालचा उजवा भाग उचललेला आणि कडक, डावा मऊ. सूज एकाच बाजूची होती, म्हणून जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये वर्णन केलेला लुडविग अँजायना, म्हणजे जिभेखाली आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना पसरणारा संसर्ग, अजून झालेला नव्हता. पण तिकडेच चाललेली वाट होती.

रक्ताचे निकाल असे: पांढऱ्या पेशी १९,४००, हिमोग्लोबिन ११.८, साखर ३८६, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची खूण) ११.२, सीआरपी (दाह किती ते सांगणारं रक्तातलं प्रथिन) २१२ मिलिग्रॅम प्रति लिटर, सोडियम १३१, पोटॅशियम ३.४, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) १.५. लघवीत कीटोन नाहीत.

गुणांचा हिशोब

संसर्ग किती गंभीर ते खाटेशेजारीच मोजणाऱ्या क्यूसोफा गुणांमध्ये श्वास २२ किंवा जास्त, सिस्टॉलिक रक्तदाब १०० किंवा कमी, आणि शुद्धीत बदल, असे तीनच निकष असतात. इथे एकच गुण मिळाला. वॉर्डात घ्यायला हरकत नाही, असं कुणालाही वाटेल. पण क्यूसोफाला श्वासमार्ग दिसत नाही. मानेच्या संसर्गात रक्तदाब ठीक असतानाही माणूस गुदमरू शकतो. संसर्गाला शरीर कसं प्रतिसाद देतं ते पाहणाऱ्या सर्स निकषांत मात्र तापमान ३८ च्या वर, नाडी ९० च्या वर, श्वास २० च्या वर आणि पेशी १२,००० च्या वर, असे चारही जुळत होते.

ओठांचा दाह किंवा गालावरची गाठ नसून खोल मानेचा संसर्ग असेल तर सर्वांत उपयोगी ठरते ती थॉमस फ्लिन यांची स्पेसनिहाय पद्धत. हिरडीलगतची, गालाची, डोळ्याखालची स्पेस बाधित असेल तर एक गुण. सबमँडिब्युलर, सबलिंग्वल (जिभेखालची), सबमेंटल (हनुवटीखालची), टेरिगोमँडिब्युलर, सबमॅसेटेरिक आणि टेम्पोरल यांना प्रत्येकी दोन. लॅटरल फॅरिंजियल, घशामागची रेट्रोफॅरिंजियल, श्वासनलिकेपुढची प्रिट्रॅकियल यांना तीन. संसर्ग डेंजर स्पेस (घशामागून छातीकडे उतरणारी जागा), मेडियास्टिनम (छातीचा मधला भाग) किंवा कवटीच्या आत गेला तर चार. बाधित असलेल्या सगळ्या स्पेसची बेरीज करायची. पू जमलेला असो की नुसती सूज असो, स्पेस बाधित असली की गुण द्यायचा. फ्लिन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ३७ रुग्णांचा जो अभ्यास छापला त्यात सरासरी मुक्काम ५.१ दिवसांचा होता, आणि दोषी दात म्हणून खालची अक्कलदाढ सर्वांत पुढे होती.

आता सीटी. मानेचा सीटी काढायला रुग्णाला उताणं झोपवावं लागतं, आणि जिभेखाली सूज असलेला माणूस उताणा झोपला की जीभ मागे पडते. म्हणून आधी आपत्कालीन विभागातच भूलतज्ज्ञाच्या समोर, ऑक्सिजन लावून, तीन मिनिटं सपाट झोपवून पाहिलं. ऑक्सिजन उतरला नाही, घरघर आली नाही. मगच यंत्रावर नेलं आणि भूलतज्ज्ञ श्वासमार्गाच्या साहित्यासह सोबत गेले. ही तीन मिनिटं पेलली नसती तर सीटी नंतर आणि श्वासाची नळी आधी. क्रिएटिनिन १.५ असताना कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते सीटीत उजळणारं औषध) द्यावा का, यावर दोन मतं झाली. पण आकडा मुख्यतः उन्हाळ्यातल्या उपाशी-तहानलेपणाचा होता. दीड लिटर सलाइन दोन तासांत दिलं, मेटफॉर्मिन ४८ तास बंद ठेवलं आणि कॉन्ट्रास्ट दिला. कॉन्ट्रास्टशिवाय मानेचा सीटी काढला तर पू आणि सूज यांतला फरक कळत नाही, मग काढून फायदा काय? सीटी छातीच्या वरच्या भागापर्यंत न्यायला सांगितलं, नाहीतर मेडियास्टिनम सुटतो.

अहवालात उजव्या सबमँडिब्युलर स्पेसमध्ये कडा उजळलेला ३२ बाय २४ मिलिमीटरचा पू, सबलिंग्वलमध्ये सूज, टेरिगोमँडिब्युलरमध्ये ११ मिलिमीटरचा छोटा साठा, आणि लॅटरल फॅरिंजियल स्पेसमधली चरबी धूसर, पण साठा नाही. श्वासमार्ग डावीकडे ढकललेला. हवेचे बुडबुडे नाहीत, गळ्याची शीर मोकळी, छाती स्वच्छ. फ्लिनची बेरीज दोन, दोन, दोन आणि तीन मिळून नऊ.

एक शंका उरते ती कुजणाऱ्या आवरणाची, म्हणजे नेक्रोटायझिंग फॅसायटिसची. रक्ताच्या निकालांवरून ही शंका मोजणाऱ्या एलआरआयएनईसी गुणांत सीआरपी १५० च्या वर म्हणून चार, पेशी १५ ते २५ हजार म्हणून एक, हिमोग्लोबिन ११ ते १३.५ म्हणून एक, सोडियम १३५ च्या खाली म्हणून दोन, साखर १८० च्या वर म्हणून एक. बेरीज नऊ, आणि सहापासून शंका घ्यायची असते. पण साखर वाढली की रक्तातलं सोडियम पातळ होऊन कमी दिसतं. १०० च्या वरच्या दर १०० साखरेला १.६ मिळवले की इथलं सोडियम १३५.६ होतं आणि दोन गुण गळून पडतात. उरले सात. म्हणजे शंका जात नाही, पण घाबरून मोठा छेद घेण्याइतकीही राहत नाही. कातडीवर फोड नाहीत, बोटाखाली करकर नाही, सीटीत हवा नाही. आवरण प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत पाहायचं ठरलं.

‘किती दिस लागतील ओ?’

आयसीयूच्या दाराशी बायकोने विचारलं, “डॉक्टर, किती दिस लागतील ओ? विड्या द्यायच्या राहिल्यात कारखान्यात.” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दोघांची मजुरी एकदम बंद पडलेली असते, मुलाला पाळी सोडून रुग्णालयात थांबायचं असतं, डबा कोण आणणार ते ठरवायचं असतं, योजनेचे कागद जमवायचे असतात. ‘बघू, सांगता येत नाही’ हे उत्तर खरं असलं तरी त्यावरून घर चालवता येत नाही.

तिला सांगितलं, “ताई, सात रात्री धरून चला. पाचात सुटले तर बरंच, नऊही होतील. पहिल्या दोन रात्री आयसीयूत. गुरुवारी सकाळी परत नक्की सांगतो.”

सात कसे काढले? सुरुवात फ्लिन यांच्या सरासरीइतक्या पाच रात्रींपासून. सीआरपी २०० च्या वर आणि गुण नऊ म्हणून एक वाढवली. साखर ३८६ आणि एचबीए१सी ११ च्या वर म्हणून आणखी एक. वय साठीच्या आत आणि मूत्रपिंड सुधारण्याजोगं म्हणून त्यापुढे वाढवलं नाही. हे सूत्र नाही. प्रत्येक वाढीचं कारण कागदावर असावं, एवढाच त्याचा उपयोग. या अंदाजात एक गृहीत मात्र न लिहिता राहिलं: नऊ गुण ज्या चार स्पेसना दिले, त्या चारही पहिल्याच शस्त्रक्रियेत मोकळ्या होतील.

पहिली शस्त्रक्रिया

दाखल झाल्यापासून चार तासांच्या आत, रात्री दीडला. अँटिबायोटिक आधीच सुरू होतं: अँपिसिलिन-सल्बॅक्टम ३ ग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून. त्यासोबत मेट्रोनिडॅझोल लिहायची सवय सगळीकडे आहे, पण सल्बॅक्टम असताना हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी ते दुहेरी होतं, म्हणून लिहिलं नाही. मधुमेही रुग्णात क्लेबसिएल्ला हा जंतू असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. ग्रॅम स्टेनमध्ये (पू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) ग्रॅम-निगेटिव्ह दांड्या, म्हणजे अशा गटाचे जंतू, दिसल्या तर औषध लगेच बदलायचं, असं नर्सिंग शीटवरच नोंदवलं.

नळी जागेपणी, फायबरऑप्टिक स्कोपने, डाव्या नाकपुडीतून. आधी नाकात झायलोमेटाझोलिन, लाळ आटवायला ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम, ४ टक्के लिग्नोकेन ४ मिलिलिटर वाफेतून. रुग्ण बसलेलाच. नळी श्वासनलिकेत आहे हे कार्बन डायऑक्साइडच्या रेघेवर दिसेपर्यंत झोपेचं किंवा स्नायू सैल करणारं एकही औषध नाही. मानेवर ट्रॅकिओस्टोमीची खूण करून कान-नाक-घशाचे शल्यविशारद हात धुऊन तयार उभे होते. त्यांची गरज पडली नाही, पण ते नसते तर हा प्रयत्न करायचा नव्हता.

छेद जबड्याच्या खालच्या कडेपासून दोन बोटं खाली, तीन सेंटिमीटरचा. त्याहून वर घेतला तर ओठाचा कोपरा खाली ओढणाऱ्या चेतातंतूला इजा होते. छेदाआधी १८ नंबरच्या सुईने पू ओढला: ८ मिलिलिटर, पिवळट-करडा. मास्कमधूनही जाणवेल असा कुबट वास. सिरिंजमधली हवा काढून, तोंड बंद करून थेट प्रयोगशाळेत. कापसाच्या बोळ्यावर नमुना घेतला की हवेशिवाय वाढणारे जंतू वाटेतच मरतात आणि अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो.

प्लॅटिस्मा (मानेच्या कातडीखालचा पातळ स्नायू) उघडून बंद चिमटा आत, आतच पसरवून बाहेर. मायलोहायॉइडमधून जिभेखाली, मग जबड्याच्या फांदीच्या आतल्या बाजूने वर टेरिगोमँडिब्युलरमध्ये. आवरण गुलाबी होतं, त्यातून रक्त येत होतं आणि ते बोटाने सोलून निघत नव्हतं. म्हणजे फॅसायटिस नाही. भुलीत स्नायू सैल पडल्यावर तोंड २४ मिलिमीटर उघडलं आणि दाढ त्याच वेळी काढली. दाढ ‘सूज उतरल्यावर काढू’ म्हणून ठेवली तर नळ बंद न करता फरशी पुसण्यासारखं होतं. एक लिटर सलाइनने धुऊन दोन कॉरुगेटेड ड्रेन (उरलेला पू बाहेर वाहावा म्हणून ठेवायच्या पन्हळी पट्ट्या), दोन्ही टाक्यांनी कातडीला शिवलेले.

लॅटरल फॅरिंजियल स्पेस उघडली नाही. तिथे सीटीत नुसती सूज होती, साठा नव्हता, आणि त्या स्पेसच्या मागच्या भागात गळ्याची मोठी रोहिणी असते. पहाटे अडीच वाजता हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण कागदावर तिला तीन गुण दिले होते आणि टेबलावर तिला हात लावला नाही. त्या निर्णयानंतर सातचा आकडा परत तपासायला हवा होता. तो कुणी तपासला नाही.

मंगळवार ते गुरुवार

श्वासमार्गाची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅमचे तीन डोस आठ तासांच्या अंतराने दिले. बुधवारी दुपारी, नळीच्या फुग्यातली हवा काढल्यावर बाजूने श्वास गळतो हे पाहून, छत्तीस तासांनी नळी काढली. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे.

बुधवारी सकाळचं सीआरपी २३६. दाखल होतानाच्या आकड्यापेक्षा जास्त, तरी हरकत नव्हती. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस सीआरपी चढतंच. खरा प्रश्न गुरुवारचा. जंतूंचा साठा मोकळा झाला की सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं असतं, म्हणून ४८ तास उलटल्यावर ते ठळक उतरायला हवं. गुरुवारी सकाळी ते २२१ होतं. ताप परत ३८.४. तोंड १६ मिलिमीटर. मान बाहेरून मात्र छान दिसत होती: सूज निम्म्यावर, ड्रेनमधून जेमतेम दोन-तीन मिलिलिटर. ड्रेन कोरडा पडला म्हणजे पू संपला असं वाटतं. पण जी स्पेस उघडलीच नाही तिचा पू त्या ड्रेनमध्ये येणार कसा?

पेशी १८,००० होत्या, पण स्टिरॉइड दिल्यावर पेशी आपोआप वाढतात, म्हणून त्या आकड्यावरून काहीच ठरत नव्हतं. साखरेचंही तेच. इन्सुलिन ताशी २ ते ४ युनिट चालू असून ग्लुकोमीटरवर २४० ते ३१० च्या मध्ये अडकलेली. स्टिरॉइड श्वासासाठी लागलंच होतं, पण अंदाज मांडताना त्याची किंमत धरलेली नव्हती. उरलेल्या खुणा दोन: सीआरपी आणि तोंडाचे मिलिमीटर. दोन्ही एकच गोष्ट सांगत होत्या.

सकाळच्या राऊंडला पहिली सूचना आली ती अँटिबायोटिक बदलण्याची, मेरोपेनेम सुरू करण्याची. कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस गटाचे जंतू आले होते, चालू औषधाला संवेदनशील. औषध बरोबर, डोस बरोबर, तरी ताप. अशा वेळी औषध बदललं की पुढचे दोन दिवस नव्या औषधाचा परिणाम बघण्यात जातात आणि पू तिथेच राहतो. म्हणून औषध तेच ठेवून आधी सीटी परत काढला. उजव्या लॅटरल फॅरिंजियल स्पेसमध्ये २२ मिलिमीटरचा साठा. बाकी तिन्ही स्पेस रिकाम्या.

संध्याकाळी पुन्हा स्कोपने नळी, जुनाच छेद थोडा मागे वाढवून मीडियल टेरिगॉइड स्नायूच्या आतल्या बाजूने बोटाने वाट केली. धारदार काहीही नाही. ६ मिलिलिटर पू निघाला, नवा ड्रेन ठेवला. या वेळी स्टिरॉइडचा एकच डोस. बायकोला त्याच रात्री सुधारलेला अंदाज दिला: आजपासून अजून पाच ते सहा रात्री.

उतार

शुक्रवारी दुपारी नळी निघाली. शनिवारी सीआरपी १३८, सोमवारी ५२, बुधवारी २७. साखर शनिवारपासून १८० च्या आसपास आली. पू निघाला की इन्सुलिनची गरज झपाट्याने कमी होते, म्हणून शनिवार-रविवारी साखर एकदम उतरू नये यासाठी दर तासाला तपासणी चालू ठेवली. पोटॅशियमही याच काळात खाली जातं, ते रोज पाहिलं. सोमवारी ड्रेन निघाला, तोंडाने पेज आणि ताक सुरू झालं.

तोंड शनिवारी १९, सोमवारी २२, बुधवारी २६. इथे दाखल होतानाची ती ओळ कामी आली. ३५ होईपर्यंत ठेवायचं म्हटलं असतं तर हा माणूस कधीच सुटला नसता, किंवा उगाच तिसरा सीटी झाला असता. २६ ही त्याची नेहमीची मर्यादा होती.

सोडण्यासाठी पाहिलं ते असं: पॅरासिटामॉल न देता सलग २४ तास ताप नाही, लागोपाठ दोन सीआरपी उतरते, ड्रेन निघून एक दिवस झालेला, पाणी आणि गोळ्या गिळता येतात, साखर कातडीखालच्या इन्सुलिनवर २०० च्या आत. हे सगळं बुधवारी दुपारी पूर्ण झालं. घरी गेला गुरुवारी, कारण इन्सुलिन कसं टोचायचं हे मुलाला शिकवायला आणि कागद पुरे व्हायला एक दिवस गेला. मधुमेह असा आहे हे पहिल्याच रात्री माहीत होतं. शिकवणी सोमवारीच सुरू करता आली असती.

सात सांगितल्या, लागल्या दहा. वाढीव तीनपैकी दोन न उघडलेल्या स्पेसच्या, एक शिकवणीची. साखर, सीआरपी आणि स्पेसच्या संख्येसाठी वाढवलेल्या रात्री बरोबरच होत्या. पुढच्या रुग्णासाठी दाखल-पत्रकात दोन रकाने वाढवले. पहिल्यात गुण दिलेल्या प्रत्येक स्पेसपुढे ‘उघडली / नाही उघडली’, आणि नाही उघडली तर अंदाजात दोन रात्री मिळवून ४८ तासांनंतरची सीआरपी तपासणी आधीच लिहून ठेवायची. दुसऱ्यात ‘घरी इन्सुलिन लागणार का’, पहिल्या सकाळी भरायचा.

डिस्चार्ज कार्डावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ६२५ दिवसातून तीनदा पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दिवसातून पाच वेळा तोंड उघडण्याचा व्यायाम. गालातल्या तंतुमय पट्ट्यांसाठी दंतविभागात वेगळी तारीख. खाली मोठ्या अक्षरात: ‘तोंड आज २६ मि.मी. याहून कमी झालं, गिळताना दुखलं किंवा ताप आला तर गोळी न घेता त्याच दिवशी या.’ मुलाने काड्या तिथेच मोजून पाहिल्या. तोंडात तेरा मावत होत्या, आणि तो आकडा त्याने बॉलपेनने कार्डावर २६ च्या शेजारी लिहून घेतला.